समृद्धीवर एकटीने गाडी: रस्ता फारच चांगला आहे, तीच भानगड आहे

ठाण्यातली_वऱ्हाडीण:
समृद्धी महामार्गावरून (नागपूर-मुंबई द्रुतगती मार्ग) एकटीने नागपूर ते ठाणे गाडी चालवत आले त्यावर लिहा असं दोघातिघांनी विचारपूस मध्ये म्हटलं म्हणून हा धागा. प्रवासवर्णन नाहीये हे, फोटोही काढलेले नाहीत (थांबून काढायला तिथे परवानगीही नाही), फक्त गाडी चालवण्याबद्दल बोलू.

माहिती सगळ्यांना आहेच पण एका ठिकाणी असू दे. पूर्ण रस्ता ७०१ किमी, दहा जिल्ह्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी ५२० किमी डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, मग शिर्डी-भरवीर, मग इगतपुरीपर्यंत, आणि इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा शेवटचा ७६ किमीचा तुकडा ५ जून २०२५ ला उघडला. तिन्ही लेन इकडून, तिन्ही तिकडून, टू व्हीलर आणि रिक्षा बंद. कारला सपाटीवर १२० आणि घाटात १०० ची मर्यादा. टोल जिथे बाहेर पडाल तिथे, जेवढं अंतर तेवढाच, पूर्ण आलात तर सध्याच्या दराने साडेचौदाशेच्या आत. फास्टॅगमध्ये तेवढे पैसे आहेत ना ते निघण्याआधी बघा.

आता मुद्द्यावर येते. निघायच्या आधी घरच्यांची, शेजारच्यांची, ऑफिसातल्यांची सगळ्यांची काळजी एकाच प्रकारची होती, बाई माणूस एकटी, गाडी बंद पडली तर, कोणी अडवलं तर, रात्र झाली तर. मलाही तीच भीती होती खरं तर. पण प्रत्यक्षात शेलूबाजारच्या पुढे कुठेतरी लक्षात आलं की तासभर मी काहीच करत नाहीये. गिअर नाही, ब्रेक नाही, हॉर्न नाही, वळण आलंच तर ते इतकं मोठं की स्टिअरिंगला नुसता हात लावून ठेवायचा. समोर पांढरं काँक्रीट, दोन्ही बाजूला कुंपण, वर आभाळ. आपल्याला गाडी चालवायला शिकवलंय ते गर्दीत चालवायला. बैल, सायकलवाला, राँग साइडने येणारा ट्रॅक्टर, अचानक दार उघडणारा रिक्षावाला, हे सगळं बघायची डोळ्यांना सवय, आणि इथे यातलं काहीच नाही. मग डोकं हळूहळू दुकान बंद करतं. याला रोड हिप्नोसिस म्हणतात, डोळे उघडे असतात, हात स्टिअरिंगवर असतात, पण आपण तिथे नसतो. झोप येणं वेगळं, ते निदान कळतं तरी.

आणि हे चालू असताना वेग असतो १२०. १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. समोर काहीतरी दिसलं, ते काय आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, ५० मीटर गेले. मग कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरने कचकन ब्रेक मारला तरी अजून ८० मीटर. एकूण १३० च्या घरात. तेच १०० ला साधारण शंभर मीटर आणि ८० ला सत्तरच्या आसपास. हे सगळं जागं असताना. तंद्रीत असलात तर पहिला आकडा दीड सेकंदाचा तीन सेकंद होतो आणि अजून ५० मीटर जातात.

"समोर काही नसतंच हो" असं वाटतं ना, तर ऐका. मेहकर सोडल्यावर भर दुपारी उजव्या लेनमध्ये, म्हणजे सगळ्यात वेगाच्या लेनमध्ये, पाण्याचा टँकर उभा. डिव्हायडरमधल्या झाडांना पाणी घालायला. मागे जेमतेम वीस पावलांवर एक माणूस, डोक्याला गमछा, हातात काठीला बांधलेलं लाल फडकं, आणि ते फडकं वाऱ्याने काठीला गुंडाळलेलं. लांबून टँकर चालतोय की उभा आहे हे कळतच नाही, कारण तुलना करायला रस्त्यावर दुसरं काही नसतं. मी १०० वर होते आणि मधल्या लेनमध्ये होते म्हणून मला तो फक्त दिसला. ज्या कोणाचं काम आहे त्यांना शंभर-दोनशे मीटर मागून शंकू मांडायला काय होतं कळत नाही, फडकंवाल्या माणसाचा जीव पण आहेच की त्यात.

मी काय केलं ते सांगते, पटलं तर घ्या. क्रूझ कंट्रोल (पाय न लावता गाडी ठरवलेल्या वेगाने चालत राहते ते) लावलाच नाही. वेग १०० च्या आसपास. पहाटे लवकर न निघता उजाडल्यावर निघाले आणि अंधार व्हायच्या आत इगतपुरीचा बोगदा गाठला. दर दीड-दोन तासांनी गाडीतून उतरायचं म्हणजे उतरायचं, गरज असो नसो. आणि स्वतःशी मोठ्याने बोलत होते, "पुढे कंटेनर, डावीकडे कार, आरशात कोणी नाही", वेडेपणा वाटेल पण एकटं असल्याचा हा फायदा आहे की ऐकायला कोणी नसतं.

तुमचे अनुभव लिहा. खास करून जे नेहमी एकटे जातात त्यांनी.

---

गिअर_पाचवा:
लेख छान पण क्रूझ न लावणं पटलं नाही. पाय आखडतो एवढ्या अंतरात. क्रूझ लावला की वेग एकसारखा राहतो, मायलेज मिळतं, चुकून १४० होत नाही. आणि १०० ने जायचं असेल तर एवढा रस्ता बांधला कशाला? जुन्या रस्त्याने जा की.

---

ठाण्यातली_वऱ्हाडीण:
@गिअर_पाचवा जुन्या रस्त्याने १०० ने जाता येतं का हो तुम्हाला? :) नुसतं गणित करा. ७०१ किमी १२० ने सलग म्हणजे पाच तास पन्नास मिनिटं, १०० ने सात तास. सत्तर मिनिटांचा फरक, तोही कुठेही न थांबता. आणि ती सत्तर मिनिटं पुढे वडपे ते ठाणे ट्रॅफिकमध्ये कोणत्याही संध्याकाळी आरामात जातात.

क्रूझचं म्हणाल तर दोघं असाल तर लावा. एकटं असताना हाताला आणि पायाला काम ठेवायचं एवढंच माझं म्हणणं.

---

राजेहो_नागपूर:
ताई एकदम बरोबर. आमच्याकडून पोट्टे निघतात रात्री जेवून दहा वाजता, म्हणे सकाळी मुंबईत. काहून रे बाबा? रात्री दोन ते पहाटे पाच-सहा ही शरीराची झोपायची वेळ, कितीही चहा ढोसा. १ जुलै २०२३ ची ती बस आठवते न, नागपूरहून पुण्याला जाणारी, सिंदखेडराजाजवळ डिव्हायडरला धडकून उलटली, पेटली, आणि पंचवीस लोकं आतच मेली. वेळ कोणती? मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास. नेमकं कारण काय ते तपासवाले जाणो, पण त्या वेळेला त्या रस्त्यावर असायचंच काहून हा माझा प्रश्न आहे.

अजून एक, वाशिमच्या पट्ट्यात रोही. कुंपण आहे, प्राण्यांसाठी वरून खालून वाटा केल्या आहेत, तरी कुठून तरी शिरतेच एखादं. दोनशे किलोचं जनावर आहे ते, बोनेटवर नाही काचेवर येते.

---

कोकणातला_बाबू:
हा रोही म्हणजे नीलगाय का?

---

राजेहो_नागपूर:
होय भाऊ. आणि कुत्रे. कुत्र्यासाठी १२० ला स्टिअरिंग फिरवायचं नाही, हे ऐकायला वाईट वाटते पण फिरवाल तर गाडी पलटते. सरळ रेषेत ब्रेक, बस.

---

रबर_आणि_रस्ता:
टायरच्या धंद्यात आहे, म्हणून थोडं लांबलचक लिहितो, माफी असावी.

समृद्धी सुरू झाल्यावर टायर फुटल्याच्या इतक्या बातम्या आल्या की आरटीओवाले एंट्रीला टायर बघून गाड्या परत पाठवायला लागले होते, आठवत असेल. तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलंय की काँक्रीट टायर फोडतं. काँक्रीटने झीज जास्त होते हे ठीक, पण टायर फुटतो तो आतल्या उष्णतेने, आणि उष्णता येते कमी हवेने. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते, १२० ला असे फेरे सेकंदाला पंधरा-सोळा होतात, आणि हे तासन् तास चालतं. भिंत आतून तापून सुटायला लागते. शहरात हाच टायर वर्षभर चालला असता कारण शहरात तो सलग दहा मिनिटं पण पळत नाही.

तर लोक नेमकं उलटं करतात, उन्हाळा आहे, काँक्रीट आहे म्हणून पाच पॉइंट हवा कमी ठेवतात. हे करू नका. दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, तेवढी हवा टायर थंड असताना, म्हणजे सकाळी घरून निघताना. लोड जास्त असेल तर त्याच स्टिकरवर वेगळा आकडा दिलेला असतो. चालून चालून टायर गरम झाला की चारपाच पीएसआय (म्हणजे हवेचे पॉइंट) वाढलेले दिसतात, घाबरून ती हवा सोडायची नाही, ती वाढ धरूनच टायर बनवलेला असतो.

नायट्रोजन भरा न भरा, काही फार फरक नाही. हवा बरोबर असणं महत्त्वाचं. (हे मी दुकानात बोलत नाही.)

नक्षी १.६ मिमीच्या खाली गेली की टायर कायद्याने बाद. पण नक्षी भरपूर आणि टायर म्हातारा असंही असतं, गाडी वापरात कमी असली की. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या पुढचा टायर असेल तर शहरात फिरवा एकवेळ, समृद्धीवर नको. स्टेपनीचाही बघा, ती तर बिचारी कोणी बघतच नाही.

---

धूमकेतू७७:
फुटलाच टायर तर काय करायचं ते पण सांगा की.

---

रबर_आणि_रस्ता:
@धूमकेतू७७ काहीच नाही करायचं, तेच अवघड आहे. आवाज बंदुकीसारखा येतो, गाडी एका बाजूला ओढते, आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. तिथेच गाडी फिरते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, सरळ, ॲक्सिलरेटर हळू सोडायचा, गाडी तिची ती मंदावू द्यायची, मग डावीकडे. म्हणून एका हाताने गाडी हाणणाऱ्यांची मला काळजी वाटते.

---

शिवाजी_पार्कर:
अप्रतिम प्रतिसाद, वाचनखूण साठवली.

---

माळी_आळी:
मी दर महिन्याला छत्रपती संभाजीनगर ते इगतपुरी आणि परत एकटाच असतो. माझं मत असं की वेग हा प्रश्न नाहीये, वेगातला फरक हा प्रश्न आहे. ट्रकला मर्यादा ८० आहे पण भरलेला ट्रक चढाला ५०-६० नेच येतो, आणि तो असतो मधल्या लेनमध्ये, कारण डाव्या लेनमध्ये अजून हळू चालणारा कोणीतरी असतो. तुम्ही १२० वर. म्हणजे २०० मीटरवर दिसलेला ट्रक बारा सेकंदात बोनेटवर. आणि तो उभा असेल तर सहा सेकंदात. सहा सेकंद म्हणजे मोबाइलवर कोणाचा मेसेज आला एवढं बघेपर्यंत.

रात्री तर आणखी वाईट. लो बीममध्ये (हेडलाइट खाली असताना) नीट दिसतं ते पन्नास-साठ मीटर. वरती ताईंनी लिहिलंय १२० ला थांबायला १३० मीटर लागतात. म्हणजे लो बीमवर १२० ने जाणारा माणूस जे दिसत नाही त्याच्यात गाडी घालतोय, आणि रोज घालतोय, आणि रोज काही होत नाही म्हणून त्याला वाटतं मला छान जमतं. टेल लॅम्प बंद असलेला ट्रेलर, मागच्या फळीला रेडियम नाही, शोल्डरवर (लेनच्या डावीकडच्या मोकळ्या पट्ट्यावर) अर्धा आत अर्धा बाहेर, ड्रायव्हर आत झोपलेला. त्यालाही दोष कसा देणार, झोपायला जागा कुठे आहे त्याला? सुरुवातीला तर शेकडो किलोमीटर धड पंप नव्हते, जेवणखाण नव्हतं. आता पंप आहेत, पण ट्रक लावून चार तास निवांत पडता येईल असं किती ठिकाणी आहे? हा प्रश्न सुटत नाही तोपर्यंत शोल्डरवरचे ट्रक हटणार नाहीत, कितीही दंड करा.

---

गिअर_पाचवा:
@माळी_आळी हे मात्र शंभर टक्के. माझा पण राग वेगावर नाही लेनवर आहे. आपल्याकडे उजवी लेन म्हणजे "माझी लेन". ८० ने उजव्या लेनमध्ये निवांत, मागून डिपर मारला तर ब्रेक लाइट दाखवतात. मग सगळे डावीकडून काढतात. डावीकडून काढताना ट्रकवाल्याला आपण दिसतच नाही, त्याचा आरसा तिकडे असला तरी दाराच्या खालचा पट्टा पूर्ण आंधळा असतो.

---

आजोबा_फिरते:
मुंबई-पुणे एक्सप्रेसवे २००२ मध्ये पूर्ण झाला तेव्हा हेच सगळं बोललो होतो आम्ही. टायर फुटतात, लेन पाळत नाहीत, लोक डिव्हायडरवर बसून पोळीभाजी खातात. आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे हे नट गेले २०१२ ला त्याच रस्त्यावर, तेव्हा कुठे मधे वायर रोप बॅरिअर (तारेच्या दोरांचे कठडे) हवेत ही मागणी जोरात झाली. नंतर २०१६ पासून तिथे झीरो फॅटॅलिटी कॉरिडॉरचं (एकही मृत्यू होऊ नये म्हणून) काम सुरू झालं, एकेक धोकादायक जागा शोधून बॅरिअर, रम्बलर, फलक. आणि २०२४ पासून कॅमेऱ्याने चलन घरी येतं. चलन आल्यावर माझा जावई ज्या शिस्तीत लेन पाळायला लागला ती शिस्त त्याच्या वडिलांना लावता आली नव्हती.

तेव्हा समृद्धीवर उपाय सोपा आहे. आत शिरल्याची वेळ फास्टॅगला माहीत, बाहेर पडल्याची माहीत, अंतर माहीत. भागाकार करा आणि तिथेच दंड कापा.

---

धूमकेतू७७:
मग काय आजोबा, लोक १५० ने येतील आणि टोलच्या अलीकडे अर्धा तास शोल्डरवर गाडी लावून वडापाव खातील.

---

आजोबा_फिरते:
खाऊ देत. निदान अर्धा तास झोप तरी होईल.

---

ठाण्यातली_वऱ्हाडीण:
आजोबा :D

@माळी_आळी ट्रकवाल्यांच्या झोपेचा मुद्दा फार महत्त्वाचा, मी त्या बाजूने विचार केला नव्हता.

झोपेवरून आठवलं, एकट्याने जाणाऱ्यांसाठी. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं याने काही होत नाही, पाच-दहा मिनिटं फसवणूक होते फक्त. पेंग यायला लागली की पुढच्या पंपावर गाडी लावायची, कॉफी प्यायची आणि लगेच वीस मिनिटं सीट मागे करून पडायचं. कॉफीचा असर व्हायला वीस-तीस मिनिटं लागतातच, तोवर डुलकी होते आणि उठताना दोन्ही एकदम लागू पडतं. अलार्म लावून. दारं लॉक करून. लोक बघतात, बघू देत.

---

सुरेखा_मावशी:
कौतुक आहे गं तुझं. माझा लेक सुनेला एकटीला सोसायटीच्या गेटबाहेर गाडी काढू देत नाही. मला एक विचारायचं आहे, गाडी खरंच बंद पडली तर एकट्या बाईने काय करायचं? आत बसायचं की बाहेर?

---

ठाण्यातली_वऱ्हाडीण:
मावशी, बाहेर. मलाही आधी वाटायचं आत लॉक करून बसावं, पण शोल्डरवर उभ्या गाडीत बसणं हीच सगळ्यात धोक्याची जागा आहे, वरचे प्रतिसाद वाचा. गाडी जेवढी डावीकडे जाईल तेवढी घ्यायची, हॅझर्ड लावायचे, डाव्या दाराने उतरायचं आणि क्रॅश बॅरिअरच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं, गाडीच्या पुढे नाही, थोडं मागच्या बाजूला, म्हणजे कोणी गाडीला धडकलं तर गाडी आपल्यावर येत नाही. लाल त्रिकोण ठेवायला जाल तर बॅरिअरच्या पलीकडून चालत जा. मग फोन. हेल्पलाइनचा नंबर रस्त्यावर फलकांवर असतो, आणि ११२, १०८ आहेतच. किलोमीटरचा दगड किंवा फलक बघून ठेवायचा, "मेहकरच्या पुढे कुठेतरी" म्हटलं तर त्यांना सापडत नाही आपण.

आणि सुनेला गेटबाहेर काढा हो.

---

कोकणातला_बाबू:
मागच्या सीटवरच्या बेल्टबद्दल कोणीच बोललं नाही. उद्योगपती सायरस मिस्त्री सप्टेंबर २०२२ ला पालघरमध्ये गेले तेव्हा आठ दिवस सगळ्यांनी मागे बेल्ट लावले. गाडी चांगली होती, एअरबॅग होत्या, पण मागे बसलेल्यांनी बेल्ट लावले नव्हते. आता पुन्हा तेच, काकू मागे मांडी घालून बसतात.

---

सुरेखा_मावशी:
@कोकणातला_बाबू मांडी घातल्याशिवाय पाय सुजतात रे. पण बेल्ट लावून पण मांडी घालता येते, मी घालते.

---

माळी_आळी:
एक राहिलं. बाहेर पडल्यावरचा अर्धा तास. तासन् तास १०० च्या वर राहिल्यावर इंटरचेंजचं वळण ४० ने घ्यायचं असतं आणि आपल्याला ७० म्हणजे गाडी रांगतेय असं वाटत असतं. काट्याकडे बघूनच वेग कमी करा, अंदाजाने नाही. इगतपुरीच्या बोगद्यातही तसंच, पावणेआठ किमीचा आहे, आत आधी काही दिसत नाही मग सगळं एकसारखं दिसतं. गॉगल आधी काढा.

---

शिवाजी_पार्कर:
धागा वाचून आत्ता खाली जाऊन माझ्या गाडीचे टायर बघून आलो. नक्षी मस्त आहे, बोट आत जातं. कोड ५०१५. म्हणजे?

---

रबर_आणि_रस्ता:
म्हणजे डिसेंबर २०१५. काका, दहावी पास झाला असता तुमचा टायर थोड्या दिवसांत. भिंतीवर बारीक चिरा आहेत का बघा, असणारच.

---

शिवाजी_पार्कर:
आहेत. पुढच्या महिन्यात शेगावला जायचं होतं समृद्धीने. बदलूनच निघतो. पण चारही घ्यायचे की पुढचे दोन घेऊन भागेल? मागचे दोन मध्यंतरी बदललेत, त्यांचा कोड २२२२ आहे.

---

रबर_आणि_रस्ता:
२०२२ चे आहेत तर चालतील, दोनच घ्या. पण नवीन दोन मागे टाका आणि आत्ताचे मागचे पुढे घ्या. सगळे उलटं करतात. पुढचा घसरला तर गाडी सरळ जाते, स्टिअरिंग सांभाळून घेता येते, मागचा घसरला तर गाडी गिरकी घेते आणि मग तुमच्या हातात काही राहत नाही. दुकानदार म्हणेल पुढेच लागतात नवीन, वाद घालू नका, नुसतं सांगा मागे टाक. आणि अलाइनमेंट करून घ्या लगे हाथ.